दातांच्या डॉक्टरांच्या बरगड्या

“काकू, मेथीला पाणी घालून झालं असेल तर जरा कुंपणाजवळ या ना. मोठ्यानं नाही बोलता यायचं. कोपऱ्यावरचे बाहेर दिसतायत का?”

“कोण, दातांचे डॉक्टर? गाडी नाहीये दारात. आणि त्यांची बायको आत्ताच फिरायला गेली, कानात बोळे घालून. बोल तू मोकळेपणानं.”

“चार जुलैच्या पार्टीत तुम्ही काय खाल्लंत?”

“मी? मक्याचं कणीस, ते कोबीचं गारगार काहीतरी, आणि कलिंगड. मासे खाते, कोंबडी-बकरं खाते, पण ते जनावर आजवर तोंडी लागलं नाही, आता या वयात कशाला? का गं?”

“मग तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस या गल्लीत दुसरा नाही. मला खरं सांगा, लोक कुणाच्या रिब्जवर तुटून पडले होते?”

“खोटं कशाला बोलू? डॉक्टरांच्या. तुझ्या नवऱ्याचा ट्रे अर्धा तसाच होता. वाईट वाटलं बाई मला. सकाळपासून बिचारा त्या धुराशी बसलेला.”

“तेच ते! चार दिवस झाले, घरात सुतक असल्यासारखा वावरतोय. कुणी काही विचारलं की ‘ठीक आहे’. काल म्हणतो, सगळं विकून टाकतो आणि गोल्फ खेळतो. आता ह्याला गोल्फ परवडणार आहे का?”

“पण एवढं काय करतो तो? मला वाटलं मांस जाळीवर टाकायचं, भाजायचं, झालं.”

“भाजणं वेगळं, काकू. हे धुरावर शिजवणं. आदल्या रात्रीपासून ओटा माझ्या ताब्यातून जातो. आधी बरगड्या आणायच्या, सेंट लुईस कट. म्हणजे पोटाकडच्या बरगड्यांची पाटी घ्यायची आणि खालची ती कूर्चेची पट्टी छाटून टाकायची, की छान चौकोनी पाटी राहते. दुसऱ्या असतात त्या बेबी बॅक, कण्याजवळच्या.”

“बेबी? अगं, पिल्लाच्या?”

“नाही हो! त्याच मोठ्या डुकराच्या. आखूड असतात म्हणून बेबी. तर, हाडांच्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. तो सोलून काढायचा. राहिला तर चामट लागतो आणि मसालाही त्याच्या आत जात नाही. हाडाच्या टोकाशी सुरीनं उचकटायचा, कागदी टॉवेलनं घट्ट धरायचा आणि एका दमात ओढायचा. अख्खा एकसंध निघाला की हा माणूस मला हाक मारून दाखवतो.”

“आणि कोलंबी सोलायला बसवलं तर?”

“दहा मिनिटांत पाठ भरते.”

“सगळे सारखेच मेले. पुढे?”

“वरून पिवळी मोहरीची पेस्ट चोपडायची, मसाला चिकटावा म्हणून. मोहरीची चव नंतर राहत नाही. मग कोरडा मसाला. पॅप्रिका, मीठ, मिरी, लसणाची पूड, कांद्याची पूड, थोडं लाल तिखट आणि ब्राउन शुगर.”

“साखर? मांसाला?”

“या गावाची रीतच आहे ती. मेम्फिसला कोरडा मसाला लावून तसंच पुढ्यात ठेवतात, टेक्सासवाल्यांना मीठ-मिरी पुरते आणि त्यांचा जीव गाईच्या मांसात. कॅन्सस सिटीला मात्र गोड हवं. टोमॅटो आणि काकवीचा दाट सॉस वरून. पण तो शेवटच्या तासात. आधी लावला तर साखर करपते.”

“ते पटलं. गूळ घातलेली आमटीसुद्धा तळाला लागते. आणि तुमची ती काळी कढई? झाकणवाली.”

“वेबरची केटल. ती काय साधीसुधी नाही हं. 1952 मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनायचे. घरच्या उघड्या शेगडीवर वाऱ्यापावसानं मांस धड भाजेना, म्हणून त्यानं एक बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं.”

“मांडव्याच्या जेट्टीजवळ असतात तसला बोया? म्हणून ती अशी गोलमटोल! मी म्हणते, शेगडीला असला आकार कोण देईल.”

“ह्यानं ती लग्नाच्या वाढदिवसाला घेतली. माझ्या भेटीच्या नावाखाली. बरं, सकाळी सहाला उठला. त्या केटलच्या कडेकडेनं कोळशाच्या वड्या मांडायच्या, दोन खाली दोन वर, गोलाचा पाऊण भाग होईपर्यंत. एका टोकाला पेटते निखारे ठेवायचे. मग एकाला एक पेटत पेटत विस्तव सरकत जातो, तासन्‌तास. मधे पाण्याचं भांडं. मांस विस्तवाच्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला. कोळशावर सुरुवातीच्याच भागात लाकडाचे ढलपे ठेवायचे, हिकरीचे दोन आणि सफरचंदाचे दोन.”

“सुरुवातीलाच का?”

“मांस गार आणि ओलं असतं तोवरच धूर पकडतं म्हणे. नंतर वरचा थर सुकला की धूर नुसता शेजारून जातो.”

“पण मग पहिला अर्धा तास हा झाकण उघडून नुसता आकाशाकडे काय बघत बसला होता? मी आमच्या डेकवरून बघत होते. मला वाटलं काही नवस-बिवस.”

“धुराचा रंग बघत होता. पांढरा दाट लोट असतो ना, तोपर्यंत मांस ठेवायचं नाही. तो कडवट. लाकूड नीट पेटलं की धूर पातळ होतो, निळसर, दिसेल न दिसेल असा. तो चांगला. सुरुवातीला हा ढलपे रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, कुणीतरी सांगितलं म्हणून.”

“ओलं लाकूड कुणी चुलीत घालतं का? धुमसणार नाही तर काय होईल? मला विचारायचं.”

“तुम्ही तेव्हा अलिबागला होतात. आता नाही भिजवत. पाणी तसंही लाकडाच्या आत जात नाही, वरवर राहतं, आणि त्याची वाफ होईपर्यंत लाकूड पेटत नाही.”

“मला एक समजत नाही बघ. लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे चूल होती. सासूबाई फुंकणीनं फुंकायच्या, माझ्या डोळ्यांतून धारा. गॅस आला त्या दिवशी मी सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं. आणि हे लोक पैसे मोजून लाकडं आणतात, धूर करतात, वर त्या धुराला चांगलं-वाईट म्हणतात.”

“पिशवीतनं मिळतात हो ढलपे. हिकरी वेगळी, सफरचंद वेगळं, चेरी वेगळी. मेस्कीट म्हणून एक असतं, ते फार उग्र, बरगड्यांना नको. ह्याला ते झाडांचे वास डोळे मिटून ओळखता येतात. मुलाच्या खोलीतला मोज्यांचा वास मात्र येत नाही.”

“मग शिजायला किती वेळ लागतो?”

“225 फॅरनहाइट ठेवायचं, म्हणजे आपल्याकडचे 107 अंश. पाणी उकळण्याच्या जरासं वर. मग सहा तास धरूनच चालायचं. तीन तास नुसता धूर, दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून आणि एक तास पुन्हा उघडं, सॉस लावून. तीन-दोन-एक म्हणतात त्याला.”

“मधेच गुंडाळायचं कशाला? धूर द्यायचा आणि वर कोंडून ठेवायचं?”

“मांसाचा अंगचा ओलावा वाफ होऊन जात असतो आणि जाताजाता मांस गार करत असतो. त्यामुळे आतलं तापमान एका जागी अडून बसतं, विस्तव तोच असला तरी. फॉइल गुंडाळली की वाफ जाणार कुठे? मग पुढे सरकतं. वर थोडा सफरचंदाचा रस घालतात आत. पण काकू, फॉइल ही दुधारी आहे. आत वाफ कोंडली की मांस उकडल्यासारखं मऊ होत जातं. जरा जास्त वेळ राहिलं की संपलं. म्हणून हा दोन तास ठेवतच नाही, तासाभरानं काढतो. मग पाटी चिमट्यानं एका टोकाला उचलून बघतो. वाकली आणि वर जराशी भेग पडली की झालं. तुटून खाली पडली तर चुकलं.”

“आणि झाकण? सारखं उघडून बघतो का?”

“छे! हातच लावू देत नाही. तापमानाची सळई आत खुपसलेली, तिची तार बाहेर, आणि आकडा फोनवर. केटलच्या झाकणावर काटा आहे, पण तो वरच्या हवेचं सांगतो, जाळीवरचं नाही. म्हणून फोन. माझ्या वाढदिवसाला जेवायला गेलो होतो तेव्हासुद्धा फोन टेबलावर, उलटा नाही, सुलटा. घरी केटलवर ब्रिस्केट म्हणतात ते मांस लावलेलं होतं.”

“पोपटी लावतात ना आमच्याकडे थंडीत, त्यातलंच हे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडकं उपडं घालून वरून जाळ. ते काय कुणी उघडून बघतं? वास आला की कळतं. आमचे सासरे नुसतं मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकून सांगायचे. आणि हो, तिथेही बसायला सगळे पुरुषच. बायका शेंगा निवडणार, पाला आणणार, मीठ-ओवा लावणार, आणि पोपटी कुणी केली? तर भाऊंनी.”

“ह्यात मीठसुद्धा तोच लावतो, तेवढं म्हणायला हवं. पण बसणं, काकू! गॅसवर दूध ठेवलंय, दोन मिनिटं लक्ष ठेव म्हटलं तर दूध ओट्यावर. आणि इथे सहा तास खुर्ची टाकून. विचारलं काय करतोयस, तर म्हणतो, शिजतंय. अरे, ते शिजतंय, तू काय करतोयस?”

“बसू दे गं. रस्त्यावर तर नाही ना गेला.”

“हो, पण त्यात माझ्या आईचा फोन आला. पुण्याहून, व्हिडिओ. हा फोन घेऊन थेट केटलपाशी. आई विचारते, काय करताय जावईबापू? मी मागून खुणा करतेय. हा म्हणाला, चिकन.”

“मग?”

“आणि झाकण उघडून दाखवलं.”

“अगं बाई! एवढ्या लांब बरगड्यांची कोंबडी?”

“आई काही बोलली नाही. नंतर मला मेसेज केला, अमेरिकेत सगळंच मोठं असतं नाही.”

“हुशार आहे तुझी आई. तिला सगळं कळलंय. पण मूळ मुद्दा राहिला. एवढं केलेलं लोकांनी खाल्लं का नाही?”

“कारण लोकांना कळत नाही! डॉक्टरांच्या रिब्ज उचलल्या की हाड हातात आणि मांस प्लेटमध्ये. सगळे कसे म्हणत होते, वा, हाडावरून गळून पडतंय. अहो, ते काय कौतुक आहे? इथे स्पर्धा होतात, कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या. त्यांच्या परीक्षकांना शिकवलेलं असतं की घास घेतला की तेवढंच मांस सुटलं पाहिजे. दातांची खूण स्वच्छ दिसली पाहिजे, हाड तिथल्या तिथे पांढरं पडलं पाहिजे. सगळंच गळून आलं, तर जास्त शिजलं. त्याचे गुण कापतात.”

“परीक्षक? बरगड्यांना परीक्षक असतात?”

“म्हणजे काय! वर्ग लावून, शपथ घेऊन होतात. एकेका टेबलाला सहा जण. काटाचमचा नाही, हातानं खायचं. दिसणं, चव आणि मऊपणा, प्रत्येकाला नऊपैकी गुण. आपले ते पलीकडचे पांढऱ्या मिशीचे आजोबा आहेत ना, निवृत्त झालेले, कुत्रा घेऊन फिरतात, ते आहेत परीक्षक.”

“हो का? मी त्यांना बघत होते त्या दिवशी. डॉक्टरांची एक बरगडी खाल्ली, ‘टेंडर’ म्हणाले आणि लगेच लिंबू सरबत प्यायला गेले. तुझ्या नवऱ्याकडे मात्र दोनदा आले. दुसऱ्यांदा काही बोललेच नाहीत, हाड नीट कोरून खाल्लं आणि रुमालाला बोटं पुसली.”

“दोनदा आले? खरं? थांबा, हे मला त्याला सांगितलं पाहिजे. दोनदा!”

“अगं, थांब, कुठे निघालीस? आधी सगळं बोलून घे. या गावात हे वेड आलं तरी कुठून? मुलानं मला आल्या आल्या पेट्रोल पंपावर जेवायला नेलं. मला वाटलं पैशांची काही अडचण आहे याची. तर दाराबाहेर ही रांग, भर उन्हात, चांगले सुटाबुटातले लोक.”

“जोज्‌! ते फार नावाजलेलं आहे, काकू. 1996 पासून त्या पंपातच आहे. आणि वेड इथे मुरलेलंच. हे मुळात जनावरांच्या बाजाराचं आणि मांसाच्या कारखान्यांचं गाव. चांगला भाग आगगाडीनं बाहेर जायचा, उरलेला इथेच. 1908 च्या सुमाराला हेन्री पेरी म्हणून एक कृष्णवर्णीय माणूस आला, आधी टेनेसीकडचा, नदीवरच्या आगबोटींवर स्वयंपाक केलेला. शहरातल्या एका गल्लीत त्यानं विस्तव मांडला आणि कामगारांना वर्तमानपत्रात गुंडाळून मांस विकायला लागला. नंतर ट्रामच्या जुन्या शेडमध्ये दुकान काढलं. त्याच्या हाताखाली चार्ली ब्रायंट, मग चार्लीचा भाऊ आर्थर. आर्थर ब्रायंटचं दुकान अजून चालू आहे. कॅल्विन ट्रिलिन म्हणून इथलाच एक लेखक, त्यानं छापून टाकलं की जगातली सगळ्यात चांगली खानावळ हीच.”

“पेरीचा सॉस गोड होता?”

“उलट, म्हणे डोळ्यांत पाणी आणणारा तिखट. गोडवा नंतर वाढत गेला. बाटलीतला दाट गोड सॉस सगळ्या देशात नेला तो एका डॉक्टरनं. रिच डेव्हिस. 1977 मध्ये सॉस काढला आणि 1986 मध्ये मोठ्या कंपनीला विकला. लहान मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ होता तो.”

“इथल्या डॉक्टरांना हा नाद जुनाच दिसतो.”

“म्हणून तर आमचे दातांचे डॉक्टरही! पण काकू, मला सांगा, दातांच्या डॉक्टरांनी दात लागूच नयेत असं मांस करावं, हा काय धंद्याशी इमान झाला? आणि मी तुम्हाला हे का विचारतेय, तर मला शंका आहे.”

“कसली?”

“त्या रिब्ज धुरावरच्या नव्हत्याच. ओव्हनमधल्या होत्या. पण ह्याला बोलले तर म्हणतो, नाही, आत गुलाबी कड होती, मी बघितली.”

“गुलाबी म्हणजे कच्चं ना गं?”

“नाही. धुरातले वायू असतात, नायट्रिक ऑक्साइड वगैरे, ते मांसाच्या लाल रंगाला चिकटून बसतात आणि मग शिजल्यावरही तो भाग गुलाबीच राहतो. वरच्या बाजूला पट्टा दिसतो, थोडा आत गेलेला. त्याला स्मोक रिंग म्हणतात. लोक त्याचे फोटो काढतात. पण गंमत अशी, की चवीशी त्याचा काही संबंध नाही, आणि तो खोटाही आणता येतो. हॅम-बेकन करायला नायट्राइटचं गुलाबी मीठ वापरतात ना, ते चिमूटभर मसाल्यात मिसळलं की ओव्हनमध्येही गुलाबी कड येते. म्हणून स्पर्धेतले परीक्षक त्याला गुणच देत नाहीत.”

“म्हणजे हे जर खरं असेल, तर डॉक्टरांनी आधी ठरवून केलं.”

“ठरवून! तेच तर मला सोसत नाही. पण पुरावा काय?”

“पुरावा? मला विचारलंस का आजवर?”

“काकू!”

“हे बघ. मी कुणाच्या अध्यातमध्यात नसते. पण मला साडेचारला जाग येते, इथे येऊन दोन महिने झाले तरी. चहा घेऊन डेकवर बसते. डॉक्टरांचं ते हिरवं मोठं अंडं आहे ना, मातीचं की कसलं, ज्यावर ते एवढा जीव टाकतात.”

“सिरॅमिकचं. त्यांची धुराची शेगडी ती. हो, हो.”

“त्यावर काळं कापड घातलेलं असतं. कापडाच्या टोकापासून त्यांच्या डेकच्या कठड्यापर्यंत कोळ्यानं हे एवढं जाळं विणलंय. चार तारखेला पहाटे मी बघितलं, दवानं भिजलेलं, चमकत होतं. सुंदर दिसत होतं, म्हणून लक्षात राहिलं. आणि संध्याकाळी पार्टी सुरू झाली तेव्हा आमच्या नातवाचा चेंडू त्यांच्या आवारात गेला, मी आणायला गेले. जाळं तसंच.”

“तसंच?”

“कोळीणबाई मधोमध बसलेल्या. आणि आणखी एक. तुझा नवरा पार्टीत आला तेव्हा दोन हातांवरून धुराचा वास येत होता. तू त्याला दुसऱ्यांदा आंघोळ घालून आणलंस, तरी येत होता.”

“केसांतून जातच नाही. उशीच्या अभ्र्यालाही लागतो.”

“आणि डॉक्टर सांगतायत, पाचला उठून पेटवलं, दिवसभर तिथेच बसलो. जवळून गेले, तर अंगाला अत्तराचा वास. ट्रे घेऊन आले ते स्वयंपाकघराच्या दारातून, मागच्या अंगणातून नाही.”

“काकू, तुम्ही हे चार दिवस पोटात ठेवलंत? कसं काय?”

“मला काय माहीत त्याचं एवढं महत्त्व आहे ते? मला वाटलं, अंडं बिघडलं असेल, घरात शिजवलं असेल. लोक घरात शिजवतातच की.”

“पण धुराचा वास होता हो मांसाला! मी स्वतः खाल्लं.”

“मग?”

“मग बाटली! बाटलीतला धूर. लिक्विड स्मोक. मी कशी विसरले. आणि काकू, तेही याच गावचं. अर्नेस्ट राइट म्हणून एक औषधवाला होता, कॅन्सस सिटीतच. 1895 मध्ये त्यानं ते बाजारात आणलं. लहानपणी त्यानं शेगडीच्या धुराड्यातून काळे थेंब गळताना पाहिले आणि ओळखलं, की हा धूरच आहे, गार होऊन पाणी झालेला. पुढे तेच केलं. लाकूड जाळून त्याचा धूर थंड करायचा, पाण्यात उतरवायचा, गाळायचा, बाटलीत भरायचा. हॅम मुरवण्यासाठी लोक घेऊन जायचे.”

“म्हणजे तोही खराच धूर. रंग-बिंग नाही.”

“तुम्ही त्यांची बाजू घेताय?”

“बाजू नाही गं. ओव्हनमध्ये करणं हा काही गुन्हा नाही. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं, तीन तास ठेवलं, म्हणूनच तर ते असं लोण्यासारखं झालं. कोंडलेली वाफ, तूच सांगितलंस. लोकांना मऊ आवडतं, लोकांनी खाल्लं. ज्यांचे दात माझ्यासारखे आहेत त्यांना तर तेच बरं. पण ‘पाचला उठलो’ कशाला सांगायचं? पाचला मी उठलेली असते. या गल्लीत पाचला उठण्याबद्दल मला विचारल्याशिवाय कुणी बोलू नये.”

“मी ह्याला सांगू का?”

“जाळ्याचं सांग. अत्तराचं नको, पुरुषांना ते समजत नाही. आणि मिशीवाले आजोबा दोनदा आले ते आधी सांग, म्हणजे जेवेल नीट. पण गल्लीत बोंब नको. डॉक्टरांच्या बायकोनं मला माझ्या कवळीचं क्लिनिकमध्ये सांगून कमी पैशांत करून दिलंय.”

“हं. म्हणजे इथे साक्षीदार विकत घेतलेला आहे.”

“विकत कसला, दुरुस्त केलेला. बरं, तुला एक विचारू? त्या तुमच्या काळ्या बोयात मासा ठेवता येतो का?”

“मासा? येतो की. इथे सालमन, ट्राउट करतात. मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग कोरडा पुसून वाऱ्यावर वरचा थर जरा सुकू देतात, चिकट होईपर्यंत. मग धूर. तासाभरातही होतो, तुकडा लहान असेल तर.”

“मीठ लावून वाऱ्यावर सुकवायचं मला शिकवू नकोस. इंडियन स्टोअरमध्ये बर्फातला बांगडा मिळतो. दोन पाकिटं आणून ठेवलीत मी. सुनेला घरात तळायचा वास चालत नाही, काचा लावून बसते.”

“मग शनिवारी? तो तसाही बरगड्या लावणारच आहे, डॉक्टरांना दाखवून देण्यासाठी. काल रात्रीच पाटी आणली, मला न सांगता. गोल्फचं राहिलं बाजूला.”

“बांगडा वरच्या जाळीवर ठेवायचा हं. तुमच्या त्याचं काही टपकायला नको त्याच्यावर.”

“केटलला एकच जाळी असते, काकू.”

“मग नवी जाळी आण म्हणावं, पैसे मी देते. आणि आधी माझे बांगडे, मग त्याच्या बरगड्या. सहाला पेटव म्हणावं, मी खाली येऊन उभी राहते. मसाला मी लावून देईन, आगळ आणलंय घरून. साखर नाही लावायची.”

“साखर नाही. डॉक्टरांना बोलवायचं का?”

“बोलवूया की. येताना दात घेऊन या म्हणावं.”